नवरंग बघायचा असेल तर झाडाखाली बघा

आमच्या खानापूर तालुक्यात हल्ली बेळगाव-हुबळीहून, गोव्याहून पक्षी बघायला पोरं येतात. गळ्यात दुर्बीण, पाठीला कॅमेरा आणि मान कायम वर. वर बघण्यासारखं इथं भरपूर आहे. उंबराला फळ धरलं की धनेश येतात, हळद्या असतो, निखारांचे थवे असतात, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तकाची लांब पांढरी शेपटी दिसते. पण या रानातला सगळ्यात जास्त रंगांचा पक्षी त्यांच्या बुटांपासून पंधरा-वीस हातांवर, करवंदीच्या जाळीखाली, कुजक्या पाचोळ्यात उड्या मारत असतो आणि तो बघायचा राहून जातो. म्हणून मी भेटेल त्याला सांगतो, नवरंग हवा असेल तर मान खाली घाला.

मला हे जमलं ते माझ्या नोकरीमुळे. मी रेल्वेत कीमॅन होतो, लोंढा ते तिनईघाट या पट्ट्यात. ज्यांना हे काम ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रुळाचा एक ठरलेला तुकडा आपल्याकडे असतो. उजाडायच्या सुमाराला निघायचं, तो तुकडा पायी तपासत जायचा आणि तसाच परत यायचा. पूर्वी रुळाला चाव्या असत, म्हणजे रूळ जागेवर घट्ट धरणाऱ्या पाचरी, त्या ढिल्या झाल्या की हातोड्याने ठोकून बसवायच्या. रुळाखाली काँक्रीटचे स्लीपर आल्यावर चाव्यांच्या जागी पँड्रोल क्लिप आल्या, पण नाव कीमॅनच राहिलं. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरव्या झेंड्या आणि धोक्याच्या वेळी रुळावर बांधायचे फटाके. नजर सतत जमिनीवर: क्लिप निसटली आहे का, जोडावर तडा आहे का, खडी सरकली आहे का. इतकी वर्षं खाली बघत चाललेल्या माणसाला जमिनीवर हलणारी वस्तू लगेच दिसते.

आवाज मात्र त्याच्याही आधीपासून ओळखीचा होता. मे महिन्यात वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले की पहाटे, नीट उजाडायच्या आत, रानातून दोन सुरांची शीळ यायची. पहिला सूर वर चढणारा, दुसरा खाली उतरणारा. ‘व्हीट्-ट्यू’. मग थोडं थांबून पुन्हा तेच. एका अंगाने एक हाक आली की ओहोळाच्या पलीकडून दुसरा उत्तर द्यायचा, त्याच्या पलीकडून तिसरा. दिवस वर आला की सगळं बंद. संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा सुरू. आमचे मुकादम म्हणायचे, हा पावसाचा पक्षी आहे, तो ओरडला की खडीखालच्या चरी साफ करून घ्या. अळणावरकडचे एक कन्नड सहकारी त्याला ‘बण्णद हक्की’ म्हणायचे, म्हणजे रंगाचा पक्षी. आवाज पावसाच्या पक्ष्याचा आणि रंग रंगाच्या पक्ष्याचा, पण दोन्ही एकाच जिवाचे आहेत हे मला कळायला वेळ लागला, कारण हाक मारताना तो झाडीत बसलेला असतो आणि दिसतो तेव्हा बहुधा गप्प असतो.

तो मला पहिल्यांदा नीट दिसला रुळाखालून पाणी जायच्या एका मोरीच्या तोंडाशी. पावसाळ्याच्या आधी मोऱ्यांमधला गाळ-पाला काढतात, तो बघायला मी उताराने खाली उतरलो होतो. समोर ओलसर पाचोळा, त्यावर पडलेला बांबू, आणि त्या बांबूच्या आडोशाने एक आखूड शेपटीचा पक्षी दोन्ही पायांवर उड्या घेत पुढे आला. मैनेपेक्षा लहान. थांबला. चोचीने एक पान उचलून बाजूला भिरकावलं, खाली बघितलं, दुसरं पान भिरकावलं. मग चोच मातीत खुपसली आणि एक गांडूळ ओढून काढलं. मी हातातला पानासुद्धा खाली ठेवला नाही.

आता रंग सांगतो, कारण ‘नऊ रंगांचा’ म्हणून सोडून दिलं तर काहीच सांगितलं नाही असं होईल. डोकं फिकट तपकिरी आणि त्याच्या मधोमध चोचीपासून मानेपर्यंत काळी पट्टी. डोळ्यावरून एक जाड काळा पट्टा, त्याच्या वर पांढरी भुवई. गळा पांढरा. छाती-पोट पिवळसर, सायीवर हळद पडावी तसं. पाठ हिरवी. खांद्यावर चमकदार निळा ठिपका, शेपटीच्या मुळाशी तोच निळा. पोटाच्या शेवटाला, शेपटीखाली, लालभडक. पाय फिकट गुलाबी आणि चांगले लांब, जमिनीवर चालणाऱ्याला हवेत तसे. उडाला की काळ्या पंखात पांढरा डाग उघडतो, तो एरवी दिसतच नाही. लांबी जेमतेम १९ सेंटिमीटर, वजन ५०-६० ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जिवात हे सगळं बसवलेलं आहे. आणि नर-मादी दोघंही सारखेच. मोरासारखं नराला सगळं आणि लांडोरीला काही नाही, असा पक्षपात इथं नाही.

मला लोक विचारतात, एवढा रंगीत पक्षी जमिनीवर राहतो, मग मुंगूस-मांजराच्या नजरेतून सुटतो कसा? तो उभा कसा राहतो ते बघितलं की उत्तर मिळतं. धोका वाटला की तो पाठ करून गोठल्यासारखा थांबतो. पाठीचा हिरवा रंग रानाच्या सावलीत मिसळून जातो, छातीचा पिवळसर रंग वाळक्या पानांच्या जातीचा आहे, आणि तोंडावरचे काळे-पांढरे पट्टे डोक्याचा आकारच मोडून टाकतात. लाल रंग खाली दडवलेला, पांढरा डाग पंखात मिटलेला. निळ्याची तर आणखी गंमत आहे. त्याच्या पिसात निळं द्रव्य नसतंच. पिसाच्या आतली बारीक रचना उजेडातला निळा भाग परत फेकते, म्हणून ते निळं दिसतं. दाट सावलीत तोच खांदा काळपट वाटतो आणि फांद्यांतून एक उन्हाची तिरीप आली की एकदम चमकतो. हे मी मोरीपाशी बघितलं होतं, कारण मात्र पुढे कळलं.

शास्त्रात त्याचं नाव ‘पिट्टा ब्रॅकियुरा’. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६६ मध्ये त्याची नोंद केली तेव्हा त्याला चक्क कावळ्यांच्या कुळात बसवलं होतं. चोचीची आणि पायांची मजबुती बघितली तर लिनियसला तसं का वाटलं असेल ते कळतं. पुढे १८१६ मध्ये व्हिएयो नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने त्याच्यासाठी ‘पिट्टा’ हे वेगळं घर केलं. आज या कुळात चाळीसहून जास्त जाती मानतात. आफ्रिकेपासून आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियापर्यंत त्या पसरल्या आहेत, बहुतेक सगळ्या दमट रानातल्या, बहुतेक सगळ्या जमिनीवर चरणाऱ्या आणि बहुतेक सगळ्या अशाच रंगीत. भारतात ईशान्येकडे, अंदमान-निकोबारला, सुंदरबनच्या खारफुटीत त्याचे भाऊबंद आहेत. आमच्या सह्याद्रीत मात्र हा एकटाच.

त्याच्या हाकेबद्दल जरा जास्त सांगायचं आहे, कारण इथं मला खरा आश्चर्याचा धक्का बसला. तिनईघाटच्या बाजूला जिथं ओहोळ रुळाखालून जातो तिथं पावसाळ्यात शीळकरी कस्तूर गातो. निळसर काळा, कपाळावर आणि खांद्यावर चमकदार निळा. पहाटे तो शीळ घालतो तेव्हा नवख्या माणसाला वाटतं की कुणीतरी पोरगा रानातून रमतगमत चाललाय. त्याच्या शिळेला ठरलेली चाल नाही. एक सूर लांबवतो, मध्येच सोडतो, दुसरीकडेच जातो. त्याच ओहोळाकाठी नारिंगी डोक्याचा कस्तूरही असतो. नवरंगासारखाच पाचोळा उलटतो आणि गातोही फार गोड, कधी दुसऱ्या पक्ष्यांचे आवाजही गाण्यात घालतो. हे दोघं खऱ्या अर्थाने गाणारे पक्षी. अशा पक्ष्यांची पिल्लं मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात. लहानपणी ऐकायला मिळालं नाही तर त्यांचं गाणं अर्धवट राहतं.

नवरंग त्या घराण्यातला नाही. फांदीवर बसणाऱ्या पक्ष्यांची जी मोठी फळी आहे, जगातल्या निम्म्याहून जास्त पक्ष्यांच्या जाती त्यात येतात, तिच्या फार पूर्वी दोन मोठ्या शाखा झाल्या. एका शाखेत कस्तूर, बुलबुल, दयाळ, मैना, चिमणी, अगदी कावळासुद्धा. दुसऱ्या शाखेत साधारण तेराशे जाती, आणि त्यातल्या बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. जुन्या जगात त्या शाखेची जी थोडी कुळं उरली आहेत त्यात नवरंगाचं कूळ आहे. या शाखेतल्या पक्ष्यांच्या घशातल्या आवाजाच्या पेटीचे स्नायू साधे असतात, आणि बहुतेकांना हाक शिकावी लागत नाही. ती घेऊनच ते जन्माला येतात. म्हणजे लोंढ्याच्या रानात पहाटे दोन पक्षी शेजारी शेजारी आवाज देतात तेव्हा एक जण थोरांकडून शिकलेलं गातो आणि दुसरा रक्तातलं बोलतो. हे वाचल्यापासून माझं ऐकणंच बदललं. नवरंगाच्या दोन सुरांना मी कधी कमी लेखलं नव्हतं, पण आता ते दोन सूर ऐकताना त्यांच्या वयाचा विचार मनात येतो.

ती हाक मारताना तो मान झटक्याने मागे टाकतो, चोच वर, सगळं अंग त्या दोन सुरांत घालतो. त्यासाठी तो जमिनीवरून उठून झाडात जातो, कधी चांगला उंच. झोपायलाही झाडावरच. बाकी दिवसभराचा संसार खाली.

सीमाभाग म्हटलं की आमच्याकडे एकच सीमा आठवते. नवरंगाचीही एक सीमा इथूनच जाते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याचा विणीचा मुलूख हिमालयाच्या पायथ्यापासून सुरू होतो, मध्य भारतातल्या डोंगरांतून येतो आणि सह्याद्रीच्या बाजूने खाली कर्नाटकापर्यंत उतरतो. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. नकाशावर हे दोन मुलूख जिथं एकमेकांत शिरतात त्या पट्ट्यात आमचं खानापूर, जांबोटी, कणकुंबी, लोंढा आहे. त्यामुळे आमच्या रानात नवरंग तीन वेगवेगळ्या कामांसाठी असतो. दसऱ्याच्या आसपास उत्तरेकडून येणारे, त्यातले काही दोन-चार दिवस थांबून पुढे जाणारे. थंडीत इथंच मुक्काम करणारे, जे एकेक तुकडा धरून बसतात. आणि मे महिन्यात परत वर जाताना गडबड उडवून देणारे. त्या शेवटच्यांपैकी सगळेच वर जात नाहीत, थोडे इथंच राहून वीण करतात, असं माझ्या पावसाळी गस्तीच्या वर्षांनी मला शिकवलं.

बेळगावच्या छावणीत असलेला बटलर नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी होऊन गेला. त्याने दख्खन आणि त्या वेळच्या दक्षिण मराठा मुलखातल्या पक्ष्यांची यादी १८८१ मध्ये प्रसिद्ध केली, ए. ओ. ह्यूम चालवत असलेल्या पक्षिविषयक नियतकालिकात. हा तोच ह्यूम, ज्याचं नाव शाळेत १८८५ च्या काँग्रेस स्थापनेच्या धड्यात येतं. आपल्या गावच्या झाडाझुडपांतले पक्षी एवढ्या जुन्या काळात कुणी कागदावर मांडून ठेवले होते, हे कळल्यावर मलाही तारखा लिहून ठेवायचा नाद लागला. ड्यूटीच्या डायरीच्या मागच्या पानांवर मी लिहीत गेलो: पहिली हाक कधी, कुठल्या किलोमीटरच्या दगडापाशी, पाऊस होता का. निवृत्त होताना डायऱ्या घरी आणल्या.

नवरंग रात्री प्रवास करतो. दिसायला जमिनीवरचा, उडण्याचा कंटाळा असलेला पक्षी, पण वर्षातून दोनदा तो शेकडो किलोमीटर अंधारात उडत जातो. त्या प्रवासात दिवे त्याचा घात करतात. मुंबई, ठाणे, पुण्यात मे-जूनमध्ये इमारतीच्या काचेवर आपटलेला, बाल्कनीत दमून बसलेला नवरंग सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आमच्याकडेही एकदा ऑक्टोबरात रात्री व्हरांड्यातल्या दिव्याखाली तो भिंतीला टेकून बसलेला सापडला. डोळे अर्धे मिटलेले, पिसं फुलवलेली. बायकोने त्याच्यावर हलकेच जुनं सुती फडकं टाकलं, चपलांच्या खोक्याला भोकं पाडली आणि त्यात ठेवून वरचा दिवा बंद केला. पाणी पाजायला मुलं धावली, त्यांना तिनेच थांबवलं. पहाटे अजून कावळे उठायच्या आत आम्ही खोकं मागच्या जाळीशी नेऊन उघडलं. तो थोडा वेळ तसाच बसला आणि मग एकदम आत घुसला.

तुमच्याकडे असा सापडला तर हेच करा. अंधार, शांतता, हवा येईल असं खोकं. चोच उघडून पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. भात-पोळी तो खात नाही. पंख लोंबत असेल किंवा रक्त असेल तर वनखात्याला कळवा. धडधाकट असेल तर फटफटायच्या वेळी झाडीजवळ सोडा. भर दुपारी उघड्यावर सोडला तर कावळे त्याला जगू देत नाहीत. आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरात शक्य असेल तेवढे बाहेरचे दिवे रात्री बंद ठेवा.

आता घरट्याबद्दल. पावसाळ्यात रेल्वेत रात्रीची गस्त असते, दरड आली का, पाण्याने खडी वाहून गेली का ते बघायला. जुलैच्या एका पहाटे गस्त संपवून परतताना मला ‘व्हीट्-ट्यू’ ऐकू आलं. मे महिन्यातली हाक वेगळी, ती वाटसरूचीही असू शकते. जुलैत, धो-धो पावसात हाक मारणारा नवरंग वाटसरू नसतो. मग मी त्या जागेवर लक्ष ठेवलं. रुळापासून आत, बांबूच्या बेटाशेजारी, एका बारक्या झाडाच्या बुंध्याशी वाळकी पानं, काड्या आणि मुळ्यांचा एक गोल ढीग होता. बघणाऱ्याला वाटावं पुरात वाहून आलेला कचरा अडकलाय. बाजूला एक गोल भोक, आणि त्या भोकातून एक पक्षी बाहेर आला, त्याच्या पाठोपाठ दुसरा चोचीत अळ्या घेऊन आत गेला. नर कोण, मादी कोण, सांगता येत नव्हतं. दोघंही राबत होते. अंडी मी बघितली नाहीत, जवळ गेलोच नाही. ती चार-पाच असतात, जवळजवळ गोल, पांढरी चकचकीत आणि त्यावर जांभळट-तपकिरी ठिपके आणि बारीक रेघा. घरट्याला छप्पर असतं हे आमच्या पावसात किती मोलाचं आहे ते इथला माणूसच जाणतो.

पावसातच वीण का, याचं उत्तर पाचोळ्यात आहे. इथं माघ-फाल्गुनात ऐन, किंजळ, नाना, साग यांची पानं झडतात. वैशाखापर्यंत ती कोरडी, कुरकुरीत असतात, त्यात चरायला फारसं काही मिळत नाही. वळवाचा पाऊस पडला की तोच थर भिजतो, बुरशी धरतो, वाळवी आणि मुंग्या कामाला लागतात, भुंगेरे अंडी घालतात, गांडुळं वर येतात. मृग लागेपर्यंत त्या चार बोटांच्या थरात पिल्लांच्या तोंडात घालायला पुरेल एवढं अन्न तयार असतं. हिरडा, जांभूळ, कुंभा कितीही उंच वाढले तरी नवरंगाला त्यांचा उपयोग रात्रीच्या झोपेपुरता. त्याचं पोट त्यांच्या पडलेल्या पानांवर आहे.

आणि नेमका तोच थर आपण जाळतो. माझ्या तुकड्यात रुळाच्या दोन्ही अंगांना उतार होते. रुळालगतचं गवत काढावंच लागतं, नाहीतर ठिणगीने आग लागते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी त्याच्या पलीकडच्या रानाबद्दल बोलतोय. एका अंगाच्या उतारावर दरवर्षी उन्हाळ्यात कुणीतरी आग लावायचं; नवं गवत लवकर फुटावं म्हणून, वाट मोकळी दिसावी म्हणून, कधी नुसतीच बिडी टाकून. झाडं मरत नव्हती. ऐन आणि किंजळ अशा आगी सोसतात. पावसानंतर तो उतार पुन्हा हिरवागार दिसायचा, गाडीतून जाणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्याच देखण्या वाटत असतील. पण खाली दिंड्याची झुडपं नव्हती, करवंदीच्या जाळ्या नव्हत्या, नुसती काळी, घट्ट माती आणि गवत. दुसऱ्या अंगाला ओहोळ असल्याने आग पोचायची नाही. डायऱ्यांतल्या नोंदी काढून बघा: नवरंगाची हाक जवळजवळ सगळी ओहोळाच्या अंगाची. झाडं दोन्हीकडे होती. पाचोळा एकीकडेच होता.

आपल्याकडे जंगल म्हणजे झाडं असा समज घट्ट बसलाय. झाडं तोडली की आपण हळहळतो, रोपं लावली की आपल्याला बरं वाटतं. जमिनीवरचा थर जळाला तर कुणी रडत नाही, कारण तो आपल्या लेखी कचरा. भीमगडचं रान २०११ मध्ये अभयारण्य झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. तिथं वटवाघळांच्या गुहा आहेत, म्हादईचा उगम आहे. ते राखलं गेलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण अभयारण्याच्या बाहेर, गावांच्या कडेने जी रानपट्टी आहे, खासगी मालकीची, गायरानाची, काजूच्या बागांची, तिच्यात नवरंगाचं काय होणार हे आपल्या काडीपेटीवर ठरतं.

गुंजीकडच्या एका गावात आमचे एक नात्यातले तात्या राहतात. त्यांची काजूची बाग ओहोळापर्यंत उतरते. दरवर्षी ते बाग झाडून पाला एकत्र करायचे आणि वरपासून खालपर्यंत आग द्यायचे. मी एकदा म्हटलं, तात्या, पाला राहू द्या की. ते म्हणाले, “अरे, पाला ठेवून काय करू मी? काजूची बी दिसाय नको? आणि साप असतंय त्यात. तुझी काकी वेचायला जाती, तिला चावलं तर तुझा पक्षी येणार हाय काय?”

हे बोलणं खोटं नाही. काजूची बोंडं गळून खाली पडतात, ती पाचोळ्यात शोधायची म्हणजे हाताला विंचू-सापाची भीती. मी वाद घातला नाही. मार्चमध्ये त्यांच्याबरोबर बागेत गेलो आणि दोघांनी मिळून जागा ठरवली. काजूच्या झाडांखालचं आळं झाडायचं, अगदी साफ. तो पाला जाळायचा नाही, झाडांच्या मधल्या ओळीत रचायचा. आणि ओहोळाच्या बाजूचा जो उतार आहे, जिथं काजू नाहीतच, तिथं हात लावायचा नाही. तात्यांना मधल्या ओळीतल्या रचलेल्या पाल्याचं काय होतं ते पाहायचं होतं. पावसानंतर तो बसला, काळा पडला, पुढच्या वर्षी उकरला तर खाली गांडुळं आणि भुसभुशीत माती. तीच माती त्यांनी भाताच्या तरव्याला, म्हणजे रोपांच्या वाफ्याला, नेली. पक्ष्याबद्दल ते काही बोलले नाहीत, पण आग दिली नाही.

उतार सुधारायला वेळ लागला. आधी गवत हटून दिंडा आला, मग करवंदी दाटली. खाली पाय ठेवला की पाचोळा दबायला लागला. पुढच्या एका मे महिन्यात संध्याकाळी तात्यांचा फोन आला. “तुझं ते ओरडूलालंय बघ, ओहोळात. कालपासून.” मी विचारलं, एक का दोन? ते म्हणाले, “एक इकडं, एक पलीकडं. काकी म्हणती सकाळी चारला उठवतंय.”

तात्यांच्या ओहोळातला तो वाटसरू होता का राहणारा, ते जुलैने सांगितलं. जुलैत हाक नव्हती. म्हणजे तो वर निघून गेला. थंडीत मात्र त्या उतारावर एकाने मुक्काम धरला. काकीने त्याला पाण्याच्या टाकीजवळ पाचोळा उडवताना पाहिलं आणि रंग अगदी बिनचूक सांगितले, शेपटीखालच्या लालासकट.

माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. गुंजी, नागरगाळी, तावरगट्टी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, पलीकडे चंदगड-आंबोलीपर्यंत जे कोणी रानाच्या कडेला राहतात, त्यांनी यंदा पावसाळ्यात पहाटे कान द्यावा. मे महिन्यातली हाक लिहून ठेवा, पण १५ जून ते ऑगस्टअखेर ऐकलेली हाक जास्त महत्त्वाची. तिथं घरटं असण्याची शक्यता आहे. तारीख, गाव, ओहोळाचं किंवा रानाचं नाव, आणि त्या जागी गेल्या उन्हाळ्यात आग लागली होती की नाही, एवढं लिहा. घरटं शोधायला आत शिरू नका, फोटोसाठी मोबाइलवर त्याची हाक वाजवू नका. विणीच्या दिवसांत त्या आवाजाला उत्तर द्यायला तो अंडी सोडून येतो. नोंदी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, टाकता येत असतील तर टाका, नसेल जमत तर वहीत ठेवा आणि मला खाली लिहून कळवा. मी माझ्या डायऱ्यांतल्या नोंदींबरोबर त्या गावनिहाय लावून ठेवतो आहे. नागरगाळी आणि तावरगट्टीच्या बाजूची पानं अजून कोरी आहेत.